कच्च्या भाताची साक्ष

रेडिओ केंद्राचे नवे अधिकारी देवस्थळी यांनी निवेदिका शालिनीबाईंना बजावले, "तुमचा दुपारचा महिलांचा कार्यक्रम कोणी ऐकत नाही. एक तरी श्रोता दाखवा, नाहीतर तो उद्यापासून बंद!"

"मग आज तो निम्म्यावरच आटोपते, साहेब. श्रोता आपल्याला घरीच भेटेल."

साहेब जेवायला बसले, तो ताटात कच्चा भात! ते कडाडले. स्वयंपाकीण राधाक्का उसळून म्हणाली, "माझ्यावर कशाला ओरडता? रेडिओवरच्या बाईंनी निरोप घेतला की मी भात उतरवते. आज त्यांनीच घाई केली!"

साहेबांनी ही हकीकत स्वतःच बाईंना सांगितली आणि कार्यक्रम कायम ठेवला.

दुसऱ्या दिवशी निरोप घेताना शालिनीबाई म्हणाल्या, "राधाक्का, आपले उपकार मी विसरणार नाही. आता भात उतरवा. साहेब जेवायला निघाले आहेत."