पाइपातून गळणारा थेंब

स्वयंपाकघरातल्या वस्तू अजून एकमेकींशी बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट.

कमलिनीकाकूंच्या शेगडीवर स्टीलची चकचकीत चिमणी होती. ती धूर ओढायची आणि मागचा पाइप तो छतातून बाहेर न्यायचा. चिमणी रोज पुसली जायची. पाइप बसवल्यापासून कुणी उघडलाच नव्हता. तळणाच्या तेलाचे थर त्याच्या आत चिकटून बसले होते.

कधीकधी त्यातून एक तपकिरी थेंब चिमणीच्या तोंडावर ओघळायचा.

"शी! पुन्हा घाण केलीस," चिमणी करवादायची.

"आतून पार भरलोय गं मी. एवढासा जाळ लागला तरी पेटेन," पाइप दमल्या आवाजात म्हणायचा.

"ते मला नको सांगूस. आल्यागेल्याला मीच दिसते."

दिवाळीच्या साफसफाईत सून केतकी म्हणाली, "आई, पाइपसुद्धा साफ करून घेऊ या ना."

"आत कोण बघायला जातंय?" म्हणत काकूंनी थेंब पुसून टाकला.

चकल्या तळताना कढईतलं तेल पेटलं. चिमणीने सवयीने जाळही वर ओढला आणि पाइप भडकला. केतकीने गॅस बंद करून काकूंना हाताला धरून बाहेर नेलं, म्हणून माणसं वाचली. स्वयंपाकघर गेलं.

आग विझल्यावर काळीठिक्कर पडलेली चिमणी म्हणाली, "एवढं होतं तर नीट सांगायचंस तरी!"

पाइप जागोजागी फाटला होता. तो थकून म्हणाला, "सांगतच होतो, बाई. तुम्ही दर वेळी पुसून टाकलंत."