टिटवीचे तीन शब्द

मुलांनो, ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, त्याच्या पाणवठ्यावर एक टिटवी राहत असे. राखण करणे हे तिचे काम. बिबळ्या दिसला की ती "बिबळ्या आला, पळा" एवढेच ओरडे आणि काहीही न विचारता सगळे पळत. कित्येक पिढ्या हे असेच चालत आले होते, म्हणून तर त्या पिढ्या जगल्या होत्या.

पुढे तिथल्या करंजाखाली एका साळुंकीने शाळा काढली. ती अलंकार शिकवी. बाई विद्वान होती, यात शंका नाही. एक गोष्ट दुसरीसारखी आहे म्हटले की उपमा, ती दुसरीच आहे म्हटले की रूपक आणि निर्जीव वस्तू जिवंत असल्यासारखी वागली की चेतनगुणोक्ती, हे तिने ससे, खारी, हरणे सगळ्यांकडून घोटून घेतले. शाळेचा एक नियम होता. कोणी सुंदर वाक्य बोलले की बाकीच्यांनी जागेवर बसून त्यातला अलंकार ओळखायचा. यात हरिणीचे पाडस सर्वांत हुशार. "आई, तुझे डोळे तळ्यासारखे आहेत, ही उपमा," असे ते उठता-बसता म्हणे आणि हरिणीला त्याचे फार कौतुक वाटे.

टिटवीही शाळेत येई. एकदा साळुंकी तिला म्हणाली, "टिटवीबाई, इतकी वर्षं तुम्ही तेच तीन शब्द ओरडता. त्यात अलंकार म्हणून औषधालाही नाही." सगळा वर्ग हसला. टिटवीच्या ते फार मनाला लागले.

एका दुपारी वर्ग भरला असताना तिला गवतात बिबळ्या दिसला. तिने चोच उघडली आणि नेमके तेव्हाच तिला ते हसू आठवले. ती म्हणाली, "उन्हाच्या कवडशांना आज पाय फुटले आणि ते दबकत पाणवठ्याकडे निघाले."

"वाहवा," साळुंकी म्हणाली, "ओळखा पाहू."

"रूपक," ससा म्हणाला.

"छे, कवडसे चालताहेत, म्हणजे चेतनगुणोक्ती," खार म्हणाली आणि दोघांची जुंपली. घाबरलेली टिटवी आता "पळा, पळा" म्हणू लागली, पण त्या गलक्यात तिचे कोण ऐकणार? हरिणीने पाडसाला हळूच पुढे ढकलले. "सांग ना, तुला येतं." पाडस सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. त्याला उत्तर येत होते, पण ते सांगायला त्याला वेळ मिळाला नाही.

बाकीचे वाचले. संध्याकाळी हरिणी टिटवीकडे आली. "तुला बिबळ्या दिसला होता ना?" तिने विचारले.

"दिसला होता."

"मग बिबळ्या, असं का नाही म्हणालीस?"

टिटवीने मान खाली घातली. "ते फार साधं वाटलं," ती म्हणाली. हरिणी निघून गेली. त्या दिवसापासून टिटवी पुन्हा आपल्या तीन शब्दांवर आली आणि त्यांना कोणी हसले नाही.

पुढच्या वर्षी नवी पाडसे आली. त्यांनी बिबळ्या कधी पाहिला नव्हता. "तो दिसतो कसा?" त्यांनी टिटवीला विचारले. टिटवीने बराच वेळ विचार केला. मग ती म्हणाली, "वाळलेल्या पाचोळ्यासारखा. वारा पडलेला असताना पाचोळा हलला, तर तो बिबळ्या समजा."

"ही उपमा," साळुंकी खालच्या आवाजात म्हणाली. या वेळी कोणी वाहवा केली नाही. सगळी पाडसे वळून पाचोळ्याकडे बघू लागली. हरिणीचे नवे पाडसही त्यांत होते. हरिणीने त्याला टिटवीचे ते वाक्य दोनदा म्हणायला लावले आणि मगच पाण्यावर नेले.

तात्पर्य : अलंकार अर्थ उजळण्यासाठी असतो, ज्याने अर्थच झाकला जातो, तो कितीही सुंदर असला तरी घातच करतो.