राजाच्या अंगणात भरलेली शाळा

फार पूर्वी, नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या एका राज्यात एक हौशी राजा होता. मनाने वाईट नव्हता, पण काही नवं दिसलं की त्याला ते हवंच असे. एकदा त्याने तळ्याच्या मधोमध जलमहाल बांधायचं ठरवलं.

प्रधान म्हणाला, "महाराज, तिजोरीत तेवढा पैसा नाही. पण गावोगावच्या निम्म्या शाळा आणि ग्रंथालयं बंद केली, तर भागेल. कुणी कुरकुरणार नाही. पोरांना सुट्टी आवडतेच, आणि पुस्तकांना काही तोंड नसतं!"

राजा हसला आणि त्याने हुकमावर शिक्का मारला.

हुकूम नदीपलीकडच्या एका गावात पोचला. तिथे तान्हूबाई नावाची नावाडीण होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ती गावच्या ग्रंथालयात बसून अक्षरं शिकली होती. हुकूम तिनेच चावडीवर सगळ्यांना वाचून दाखवला. बंद होणाऱ्यांत त्यांच्याच गावची शाळा आणि ग्रंथालयही होतं.

"राजाशी कोण भांडणार?" गुरुजी हताशपणे म्हणाले.

"भांडायचं कशाला, गुरुजी?" तान्हूबाई म्हणाली. "शाळा इथं नको म्हणतात ना? मग त्यांच्या अंगणात भरवू. चला, बसा नावेत!"

पोरं, पाट्या, पुस्तकांच्या पेट्या, सगळं नदीपार न्यायला तिला आठ फेऱ्या माराव्या लागल्या. वाटेतल्या गावांना कळलं, तशी तीही मुलाबाळांसकट निघाली. दुसऱ्या दिवशी राजवाड्याचं अंगण गजबजून गेलं. चिंचेखाली पाढे, विहिरीपाशी कविता, पायऱ्यांवर गोष्टी! गोष्ट ऐकायला आचारी पळी घेऊन बाहेर आला आणि आत आमटी करपली. पहारेकरी भाले बाजूला ठेवून बाराखडी गिरवू लागले. तिसऱ्या दिवशी तर खुद्द राणी पाटी घेऊन पोरींच्या रांगेत बसली.

करपलेली आमटी समोर आल्यावर राजा संतापून अंगणात आला. "हे काय चाललंय? मी शाळा बंद केल्यात!"

"गावातल्या बंद केल्यात, महाराज," तान्हूबाई हात जोडून म्हणाली. "ही तर तुमच्या अंगणातली आहे."

पोरं खुदकन हसली. राजाने विचारलं, "बाई, नाव वल्हवायला अक्षरं कशाला लागतात?"

"महाराज, आमच्या घाटावर तुमचा एक फलक आहे. आजारी माणसाकडून आणि बाळंतिणीकडून नदी ओलांडण्याची उतारपट्टी घेऊ नये, असं त्यावर लिहिलंय. पण तुमचा नाकेदार वर्षानुवर्षं सगळ्यांकडून घेत होता. घाटावरच्या आम्हा कुणालाच वाचता येत नव्हतं. मी शिकले, फलक मोठ्याने वाचला आणि त्याच दिवशी ते थांबलं. तुमची दया फलकावर होती, महाराज. वाचता आलं, तेव्हा ती आमच्यापर्यंत पोचली."

राजाला तो फलक आठवला. त्यानेच तो मोठ्या मायेने लावला होता. आपले असे किती हुकूम कुणी न वाचता फलकांवर नुसतेच उभे असतील, या विचाराने त्याचा चेहरा उतरला.

"पण महाराज, जलमहाल?" प्रधान कुजबुजला.

"राहू दे महाल," राजा म्हणाला. "एकही शाळा बंद होणार नाही. आणि जिथे ग्रंथालय नाही, तिथे या वर्षीच उघडा."

अंगणात एकच जल्लोष झाला. गुरुजींनी तर उपरणंच हवेत उडवलं. तेवढ्यात एका चिमुरडीने राजाचा शेला ओढला. "महाराज, तुम्हाला एकोणतीसचा पाढा येतो?"

राजाने सुरुवात तर झोकात केली. एकोणतीस चोक म्हणताना मात्र तो अडखळला. राणी तोंडाला पदर लावून हसू लागली. मग राजाही हसला, चिंचेखाली मांडी घालून बसला आणि म्हणाला, "गुरुजी, पुन्हा पहिल्यापासून!"

तात्पर्य: शाळा आणि ग्रंथालयांना कात्री लावून राज्य वाचत नाही; लोक वाचू लागले की ते वाचतं. म्हणून अशी कात्री दिसली, तर गप्प बसू नये. सगळ्यांनी मिळून पुढे व्हावं.