झिपरी आणि रिकामी टोपली

तळ्याकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा माणूस सरदारांची शिकारी कुत्री शिकवत असे. पाण्यात पडलेले बदक दात न लावता उचलून आणायचे, हे त्या कुत्र्यांचे काम. वाटेत काहीही दिसो, थांबायचे नाही.

झिपरी ही त्याची सर्वांत चपळ कुत्री. पण तिला एक खोड होती. सटवाजी बदकाच्या पिसांचे गाठोडे लव्हाळ्यात फेकी आणि वाटेच्या बाजूला मुद्दाम कोंबडी बांधून ठेवी. "आण!" म्हटले की झिपरी थेट कोंबडीपाशी जाऊन उभी राही. दसऱ्याला सरदार परीक्षा घेणार होते. जे कुत्रे चुकेल, ते डोंगरावरच्या चौकीत जन्मभर साखळीला.

सटवाजीने कोंबडी टोपलीखाली झाकली. झिपरी टोपलीपाशी थांबली. वासाने थांबली असेल, असे म्हणून त्याने कोरी, रिकामी टोपली पालथी घातली. झिपरी तिथेही थांबली! सटवाजी चक्रावला. रिकाम्या टोपलीत हिला दिसते तरी काय?

त्याची बहीण राही भाकरी घेऊन आली होती. ती हसू लागली.

"दादा, ती टोपलीकडे बघतच नाही. तुझ्या तोंडाकडे बघते. आणि तू बघतोस टोपलीकडे."

"मी? वीस वर्षे कुत्री शिकवतोय मी!"

"म्हणून काय झाले? मान तुझीच आधी वळते."

सटवाजीला राग आला. पण खरे काय ते कळल्याशिवाय त्याला भाकरी गोड लागेना. त्याने टोपली उचलून टाकली, गाठोडे लव्हाळ्यात फेकले आणि उगाच एका बाभळीकडे टक लावून म्हटले, "आण!"

झिपरी पळाली ती बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

त्या दिवसापासून सटवाजीने कुत्रीला शिकवणे थांबवले आणि स्वतःच्या मानेला शिकवायला घेतले. कोंबडी ओरडो, राही हाका मारो, त्याची नजर लव्हाळ्यावरून हलत नसे. पंधरा दिवस लागले. मान कुत्रीपेक्षा हट्टी निघाली.

दसरा आला. सरदारांनी बदक पाडले. ते लव्हाळ्यात पडले, तोच गवतातून ससा उठला. "ससा! ससा!" लोक ओरडले. सरदारसुद्धा वळले. झिपरीचे कान ताठ झाले. तिने धन्याच्या तोंडाकडे पाहिले. धनी लव्हाळ्याकडे बघत होता.

"आण!"

झिपरी सरळ पाण्यात शिरली आणि बदक आणून त्याच्या हातात दिले.

सरदार म्हणाले, "सटवाजी, एवढा ससा गेला, तुझी कुत्री तिकडे वळली कशी नाही?"

"कुठला ससा, सरकार?"

सरदार खो खो हसले. "राहू दे हिला इथेच," ते म्हणाले.

तात्पर्य: दुसऱ्याचे मन भटकते म्हणून रागावण्याआधी आपली नजर कुठे आहे ते पाहावे, कारण शिकणारा आपल्या शब्दामागे नव्हे, नजरेमागे जातो.