टोपलीत वाजलेला फोन

“...पण मग बाबा, आता तर आमच्या घरात जेवताना फोन नाही, टीव्ही नाही, काही नाही. तरी माणसं बोलत का नाहीत?”

सोनटक्के गुरुजींनी प्रश्न विचारला खरा, पण सूर असा होता की उत्तर चुकलं तर समोरच्याला बाकावर उभं करतील.

समोर हुसेनबाबा बसले होते. तालुक्याच्या गावाबाहेर टेकडीवर एक जुना दर्गा आहे, तिथला हा म्हातारा फकीर. कडुनिंबाखाली चटई, चटईवर बाबा, आणि बाजूला चुलीवर चहाचं पातेलं. दुपार कलली होती. दर्ग्यात दुसरं कोणी नव्हतं.

गुरुजींची उभी हयात शाळेत गेली. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला... मोबाइल. या यंत्रानं माणसांतली रीतभात बुडवली, समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली, असं ते गावोगाव व्याख्यानांतून सांगत. टाळ्या पडत. वर्तमानपत्रात फोटो येई. स्वतःचा फोन ते घराबाहेर कधीच नेत नसत.

दर्ग्यात मात्र ते आज पहिल्यांदाच आले होते. त्यांची बायको कुमुद दर गुरुवारी इथे यायची आणि परतताना तिचा चेहरा हलका झालेला असायचा. “बाबा काय सांगतात एवढं?” असं गुरुजींनी एकदा विचारलं होतं. “काही नाही,” ती म्हणाली होती.

ते ‘काही नाही’ त्यांना टोचत राहिलं होतं.

“गुरुजी, घर म्हणजे...” बाबांनी सुरुवात केली.

“घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत! अगदी बरोबर. मी प्रत्येक व्याख्यानात हेच सांगतो.”

बाबा थांबले. मग पुन्हा म्हणाले, “मी म्हणत होतो, जेवताना...”

“जेवताना तर मुळीच नको. म्हणून मी दारातच टोपली ठेवली आहे. वेताची. येणाऱ्यानं चप्पल बाहेर काढायची आणि फोन टोपलीत टाकायचा. पाहुणा असो, जावई असो. नियम म्हणजे नियम.”

“आणि ज्याचा...”

“ज्याचा फोन महत्त्वाचा असेल त्यानं? मला माहीत होतं तुम्ही हे विचारणार. सगळे विचारतात. अहो, आपले आईवडील काय फोन घेऊन जेवत होते?”

बाबांनी मान हलवली. पातेल्यातला चहा दोन कपांत ओतला. एक गुरुजींच्या पुढ्यात ठेवला आणि ऐकत बसले.

गुरुजी बोलत राहिले. रस्त्यावरून चालताना फोनमध्ये बघणारी पोरं, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मान वर न करणारा दुकानदार, आजारी माणसाला भेटायला येऊन स्वतःच्याच फोनमध्ये डोकं घालून बसणारे नातेवाईक... सगळं खरं होतं. कपातल्या चहावर साय धरली.

तेवढ्यात कुठूनतरी किणकिण ऐकू आली.

बाबांनी कफनीच्या खिशात हात घातला. आत बटणांचा एक जुना फोन होता, रबरबँड लावून कसाबसा जोडून ठेवलेला.

“गुरुजी, घेऊ का? इजाजत आहे?”

फकिराकडे फोन! गुरुजींनी हातानंच ‘घ्या’ अशी खूण केली.

बाबांनी फोन कानाला लावला.

“बोल मावशी... हां... हां...”

मग बराच वेळ त्यांनी ‘हां’सुद्धा म्हटलं नाही. नुसते ऐकत होते. नजर खाली, चटईच्या काठावर. एकदा हसले. एकदा त्यांचे डोळे मिटले. शेवटी म्हणाले, “मग म्हशीला आज चारा कोणी टाकला?... बरं. खुदा हाफिज.”

फोन खिशात गेला.

“माफ करा गुरुजी, तुम्हाला थांबावं लागलं.”

“कोण होती?” गुरुजींचा आवाज जरा चढलाच.

“खालच्या वस्तीवरची म्हातारी. वेणू नाव.”

“काय विचारत होती?”

“काही नाही.”

“मग एवढा वेळ?”

“सांगत होती.”

गुरुजी उठायलाच निघाले होते. एवढ्या लांब आलो, आणि इथेही तेच! पण उठता उठता त्यांच्या तोंडून एक वाक्य निसटलं, जे त्यांनी आजवर कुणाजवळ काढलं नव्हतं.

“बाबा, माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही.”

...

कडुनिंबाची पानं चटईवर पडत होती.

“बसा,” बाबा म्हणाले.

गुरुजी बसले. या वेळी ते हळू आवाजात बोलले. त्यांची मुलगी कल्याणी पुण्यात नोकरी करते. गणपतीत घरी आली होती. गौरी जेवणाच्या दिवशी पानं वाढलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि ही ताटावर फोन हातात धरून बसलेली. घास तोंडाशी नेते आहे आणि नजर फोनवर. गुरुजींनी सांगून पाहिलं. “नाना, आजचा दिवस राहू द्या ना माझ्याकडे,” ती म्हणाली. पण आदल्याच आठवड्यात त्यांचं व्याख्यान झालेलं, ते ऐकलेले लोक पंगतीत बसलेले. त्यांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि टोपलीत नेऊन टाकला.

“मग?”

“मग तो वाजला. पुन्हा पुन्हा वाजत राहिला. ती उठायला लागली. मी म्हटलं, वाजू दे, आभाळ कोसळत नाही. लोक हसले.”

“आणि ती?”

“बसली गप्प. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं निघून गेली. दिवाळीलाही आली नाही. माझा फोन उचलत नाही. तिची आई म्हणते, तिलाच विचारा.”

बाबांनी गुरुजींचा गार झालेला चहा पातेल्यात परत ओतला, पातेलं पुन्हा निखाऱ्यांवर ठेवलं. मग पाठमोरे असतानाच विचारलं,

“फोन कुणाचा येणार होता?”

गुरुजींनी तोंड उघडलं. एरवी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी तयार असायचं.

“ते...”

...

“ते मी विचारलं नाही.”

बाबा वळले. खिशातून फोन काढून त्यांनी गुरुजींपुढे धरला.

“नंबर पाठ आहे?”

“तिचा? अहो, तो कसा विसरेन? पण ती उचलणार नाही.”

“हा नंबर तिच्या ओळखीचा नाही.”

गुरुजींनी बटणं दाबली. एकदा चुकले. पुन्हा लावला. पलीकडे घंटी वाजली, आणि मग इतक्या महिन्यांनी तो आवाज आला.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“मी... नाना.”

पलीकडे शांतता. पण फोन बंद झाला नाही.

गुरुजींनी एक मोठा श्वास घेतला आणि सवयीनं सुरुवात केली, “हे बघ कल्याणी, मी तुला आधी एक गोष्ट स्पष्ट...”

पुढचं बोलणं अडलं. बाबांनी पुढे वाकून त्यांच्या तोंडात काहीतरी घातलं होतं. खडीसाखरेचा भला मोठा खडा. दर्ग्यातला प्रसाद. गुरुजींनी चकित होऊन बघितलं. खडा इतका मोठा की गाल फुगला. चावता येईना, गिळता येईना, आणि प्रसाद थुंकणार कसा?

“नाना?”

“...”

“नाना, ऐकताय ना?”

“अं,” गुरुजी एवढंच म्हणू शकले.

पलीकडे पुन्हा शांतता झाली. या वेळी ती वेगळी होती. कुणीतरी दाराच्या कडीवर हात ठेवून उभं असावं तशी.

मग कल्याणी बोलायला लागली.

“नाना, त्या दिवशी डॉक्टरांचा फोन यायचा होता. मला छातीत गाठ लागली होती. तुकडा तपासायला दिला होता. मी तुम्हाला सांगणार होते, आल्या दिवसापासून सांगणार होते. दोनदा तुमच्या खोलीत आले. एकदा तुम्ही भाषणाची तयारी करत होतात. एकदा मी ‘नाना, मला जरा...’ म्हटलं आणि तुम्ही म्हणालात, पैसे हवेत ना, आईकडून घे.”

गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

“पंगतीत तो फोन वाजला तेव्हा मला कळलं की डॉक्टरांचाच असणार. सगळे हसत होते. मला वाटलं, मी उठले तर इथेच, सगळ्यांच्या समोर रडेन. म्हणून बसून राहिले. जेवणं आटोपल्यावर फोन लावला, तर दवाखाना बंद झाला होता. ती रात्र मी कशी काढली... जाऊ दे. दुसऱ्या दिवशी बसमध्ये डॉक्टरांशी बोलणं झालं.”

गुरुजींचा हात छातीशी गेला. त्यांना विचारायचं होतं, ओरडून विचारायचं होतं. खडा तोंडात गच्च बसला होता.

“साधी गाठ होती, नाना. कर्करोग नाही. काहीच नाही.”

गुरुजींच्या घशातून कसलासा आवाज आला.

“शेजारी एक अनोळखी बाई बसल्या होत्या. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले. त्यांना पहिल्यांदा सांगितलं मी. आणि मग मला तुमचा इतका राग आला, नाना... इतका राग आला. कारण ते पहिल्यांदा मला तुम्हालाच सांगायचं होतं.”

ती बोलत राहिली. दिवाळीत ती गाठ काढून टाकली, म्हणून आली नाही. आई मावशीकडे जाते म्हणून निघाली होती, ती खरं तर तिच्याजवळ होती. आईनं सांगू का म्हणून विचारलं, तर तिनंच नको म्हटलं. आता कामावर जाते आहे. नवी खोली घेतली आहे, खिडकीतून गुलमोहर दिसतो. घरमालकीण कटकट करते, पण वरणाला फोडणी झकास देते...

गुरुजी ऐकत होते. मुलगी चार वर्षांची असताना शाळेतून आली की अशीच सगळं सांगायची, हे त्यांना किती वर्षांनी आठवलं. तेव्हा ते वह्या तपासत असायचे.

गोड पाणी घशाखाली उतरत होतं, गालांवरून खारट पाणी ओघळत होतं. बाबा दूर जाऊन पानं झाडत होते. इकडे बघत नव्हते.

“नाना? आहात ना तुम्ही?”

खडा विरघळला होता. आता काहीही बोलता आलं असतं. माफी मागता आली असती, बाजू मांडता आली असती, आईनं लपवायला नको होतं असंही म्हणता आलं असतं.

“आता दुखतं का गं?” गुरुजींनी विचारलं.

पलीकडून हसण्याचा आवाज आला, रडता रडता हसतात तसा.

“नाही नाना. आता नाही दुखत.”

“बरं.”

“मी शनिवारी येऊ का?”

“ये.”

फोन बंद झाल्यावरही गुरुजी तो बराच वेळ दोन्ही हातांत धरून बसले. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. छातीवरचं ओझं, जे आहे हेसुद्धा त्यांना इतके दिवस कबूल नव्हतं, कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. माझी पोर बरी आहे. बरी आहे. मनात एवढंच चाललं होतं.

बाबा परत आले. पातेल्यातला गरम चहा त्यांनी पुन्हा कपात ओतला. या वेळी गुरुजींनी तो लगेच घेतला आणि सगळा प्यायले.

फोन परत देताना मात्र त्यांच्यातला मास्तर जागा झाला. ते उत्साहानं उभे राहिले.

“बाबा, शनिवारी ती येते आहे! मला तिला कितीतरी सांगायचं आहे. माझं कुठे कुठे चुकलं ते सगळं सविस्तर सांगणार आहे. पण सुरुवात नीट व्हायला हवी. तुम्हीच सांगा, ती दारात आली की मी तिला पहिल्यांदा काय सांगू?”

हुसेनबाबांनी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला.

“आधी तिला आत तर येऊ द्या, गुरुजी.”