विरजणघराची रेघ

त्या राज्यात दूध रोज पहाटे येत असे, आणि खालच्या फळीवर ते बहुतेक रोज नासत असे. राज्य म्हणजे एक उंच मांडणी होती, फळीवर फळी चढवलेली. पहाटेची धार वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सारखीच मिळे. त्यात कुणी दुजाभाव करतो असे म्हणता येणार नाही. फरक पडे तो नंतर. दुधाचे दही व्हायचे तर कुणीतरी त्यात विरजण घालावे लागते, आणि विरजण घालणारे जवळजवळ सगळे वरच्या फळ्यांवर राहत. आपल्याकडे एखाद्याच्या उत्साहावर विरजण पडले की लोक हळहळतात. तिथली दुधे मात्र सकाळपासून विरजण पडण्याची वाट पाहत बसत. संध्याकाळपर्यंत कुणी आले नाही की ती नासत आणि त्यांना मोरीचा रस्ता दाखवला जाई.

खालच्या फळीला एकच आधार होता. तो म्हणजे डेरेआबा, मातीचा एक जुना, पोटाळ डेरा. त्यांच्या दह्याने फळीवरच्या निम्म्या भांड्यांचे दूध लागत असे. पण आता आबांच्या पोटाला चीर गेली होती आणि ते रोज थोडेथोडे झिरपून कमी होत होते. त्यांची जागा दुसऱ्या कुणाला घेता येत नव्हती, कारण राज्याचा कायदा होता: ज्याच्या अंगावर आबांसारखा विरजणघराचा ठसा नाही, त्याने दुसऱ्याच्या दुधाला हात लावायचा नाही. कायदा उगाच झालेला नव्हता. पूर्वी एका आंबट ताकाने फाजील उत्साहात एका अख्ख्या फळीचे दूध फाडून ठेवले होते. तेव्हापासून ठशाशिवाय कुणाला जवळ येऊ देत नसत.

आबांनी लावलेल्या भांड्यांत सुगडी नावाचे एक लहानसे काळे मडके होते. काठाचा टवका उडालेला, रंग धुराचा, पण दही घट्ट. एका सकाळी तिला आबांच्या चिरेतून पाणी ठिबकल्याचा आवाज आला. तो आवाज तिला सहन होईना. आबा गेले तर ही सगळी दुधे कुणाच्या तोंडाकडे पाहणार? तिने तिथल्या तिथे ठरवले की विरजणघराची परीक्षा द्यायची.

"हा फुटका काठ घेऊन वर जाणार?" शेजारचा तांब्या म्हणाला. "तिथं चांदीशिवाय कुणाशी बोलत नाहीत म्हणे. तू ठसा घेऊन आलीस ना, तर मी सगळ्यांदेखत उलटा होऊन दाखवीन!"

फळी खदखदून हसली. आबा मात्र हसले नाहीत.

"जा पोरी," ते म्हणाले. "मागेल त्याला दे, मोजत बसू नको. फक्त तळाचा चमचा कुणाला देऊ नको. राजा आला तरी नाही."

"का हो आबा?"

"तो आपला नसतो. मला तो माझ्या आधीच्या डेऱ्यानं दिला. त्याला त्याच्या आधीच्यानं."

विरजणघर अगदी वरच्या फळीवर होते. दारात उमेदवारांची ही रांग लागलेली: पितळी डबे, काचेची भांडी, निळ्या वेलबुट्टीची एक चिनी बरणी. दारात दोन परीक्षक होते. एक वाटीबाई, चांदीच्या, कमी बोलणाऱ्या. दुसरे मापटेराव, जगात जे मोजता येत नाही ते नसतेच, असे त्यांचे ठाम मत होते. प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच होता: विरजण का व्हायचे आहे? उत्तरेही तीच येत होती. दुग्धसेवा हा लहानपणापासूनचा ध्यास आहे, असे बरणीने सांगितले, आणि तिच्या मागच्या डब्यानेही शब्दाला शब्द तेच सांगितले.

"तुला का व्हायचंय?" वाटीबाईंनी सुगडीला विचारले.

"खालच्या फळीवर उद्याचं दूध येणार आहे," सुगडी म्हणाली. "आणि आबांना चीर गेलीय."

मापटेरावांनी भुवया उंचावल्या. वाटीबाईंनी तिला आत घेतले.

आत प्रत्येक उमेदवाराच्या गळ्याशी, आतल्या बाजूने, एक रेघ ओढण्यात आली. मग प्रत्येकाला एक अनोळखी दूध नेमून दिले, बहुतेकांना पेल्यातले. दिवे लागायच्या आत त्याचे दही झाले पाहिजे, ही झाली अर्धी परीक्षा. उरलेली अर्धी दुसऱ्या सकाळी होती. तेव्हा उमेदवारांची मोजणी होई, आणि ज्याचे दही रेघेच्या खाली गेलेले असेल त्याला ठसा मिळत नसे. ज्याच्याकडे स्वतःपुरतेही उरले नाही तो दुसऱ्याला काय देणार, असा विरजणघराचा विचार होता. ऐकायला तो बरोबरच वाटे. त्यामुळे उमेदवार चमच्याच्या टोकावर मावेल एवढेच विरजण आपापल्या दुधात सोडत आणि लगेच आपल्या रेघेकडे पाहत.

सुगडीच्या वाट्याला दगडी आली. जाड दगडाचे भांडे, आत गारढोण दूध.

"माझ्या नादी लागू नकोस," दगडी म्हणाली. "दर परीक्षेला मला कुणाच्या तरी गळ्यात बांधतात. माझं आजवर लागलेलं नाही. तू आपलं टोकभर घाल, प्रयत्न केला म्हण, आणि रेघ सांभाळ."

"तू एवढी गार कशी?"

"हे कुणी विचारलंच नव्हतं," दगडी म्हणाली. "मला तापायला वेळ लागतो. तेवढा वेळ कुणी थांबत नाही."

सुगडीने वाटीबाईंना विचारले, आम्ही झरोक्याखाली जाऊन बसलो तर चालेल का? तसे करू नये असा नियम नव्हता. आजवर कुणी विचारलेच नव्हते. दोघी उन्हात जाऊन बसल्या. बाकीच्यांची विरजणे केव्हाच घालून झाली होती आणि बरणी एका डब्याला आपली वेलबुट्टी दाखवत होती. सुगडीने अजून काहीच केले नव्हते. दगडीला टेकून ती बसून राहिली. दुपार झाली तेव्हा दगडाच्या आतून हळूहळू ऊब आली. मग सुगडीने पहिला चमचा घातला.

काही झाले नाही. तिने दुसरा घातला.

मापटेराव जवळ आले. "बाई, आता आणखी घालशील तर रेघ सुटेल. मग दही लागलं काय आणि न लागलं काय."

सुगडीने मनात हिशेब केला. रेघ सुटली म्हणजे ठसा गेला, ठसा गेला म्हणजे खालची फळी गेली. एका दगडीपायी तेवढ्या साऱ्यांचे दूध मोरीत घालवायचे? तिला आबांचा राग आला, दगडीचा आला, स्वतःचा तर फारच आला. मग तिने दगडीकडे पाहिले. दगडी मान वळवून बसली होती. आपल्याला सोडून जाणारा दिसू नये म्हणून ती नेहमी तशीच बसे.

'खाली जाऊन मी तरी काय करणार होते?' सुगडी मनात म्हणाली. 'हेच ना?'

तिने पुढचा चमचा घातला, त्यानंतरचाही घातला. रेघ कधी मागे पडली ते तिने पाहिले नाही. तळाशी एक चमचा उरला तेव्हा ती थांबली.

दिवे लागायच्या वेळी परीक्षक फिरले. बरणीच्या पेल्यातले दूध दूधच राहिले होते. आणखी काही पेले तसेच होते. त्यांना कडेला, मोरीच्या बाजूला उभे केले गेले. मापटेरावांनी दगडी उचलून सरळ उलटी केली. आपले पाय भिजतील म्हणून ते मागेही सरले होते. खाली काही पडले नाही. दगडीत कवडीसारखे दही लागले होते.

"लागलं!" दगडी ओरडली. तिला दुसरे काही सुचेचना. "अगं, लागलं!"

सुगडी रडली. आनंदाने रडली आणि भीतीनेही, कारण सकाळची मोजणी तिला दिसत होती. तेवढ्यात तिची नजर कडेच्या पेल्यांवर गेली. ते बिचारे निमूट उभे होते.

"ही दुधं टाकायचीच आहेत ना?" तिने विचारले. "मग मला द्या."

"परीक्षा संपली आहे," मापटेराव म्हणाले.

"मोजणी व्हायची आहे," वाटीबाई म्हणाल्या. "तोवर ती उमेदवार आहे. दुधाला हात लावायची मुभा आहे तिला."

पेले एकेक करून पुढे आले आणि सुगडीत रिते झाले. त्या एका चमच्यावर दूध चढत गेले. दूध कोमट हवे, ऊब टिकायला हवी, आणि ऊन तर गेले होते. तेव्हा दगडी सरकत सरकत आली आणि तिला खेटून बसली. दगडाला तापायला वेळ लागतो खरा, पण एकदा तापला की तो लवकर निवत नाही. दिवसभराचे सगळे ऊन दगडीने साठवून ठेवले होते.

सकाळी मोजणी झाली. कुणाचे दही रेघेवर टेकले होते, कुणाला पाणी सुटून ते खाली बसले होते. बरणी काठोकाठ असली, तरी तिच्या वाटचा पेला रिकामा होता. तिने खालच्या आवाजात सांगितले की ती पुढच्या वेळी परत येईल, आणि येताना पाठ केलेले उत्तर आणणार नाही. शेवटी मापटेराव सुगडीजवळ आले. त्यांनी वाकून पाहिले, मग आणखी वाकून पाहिले. रेघ सापडत नव्हती. ती शोधायला त्यांना जाड साय बोटाने बाजूला करावी लागली.

"बाई," ते वाटीबाईंना म्हणाले, "हे कसं मोजायचं?"

वाटीबाईंनी ठसा उचलला आणि स्वतःच्या हाताने सुगडीच्या काळ्या पोटावर उमटवला. सगळे विरजणघर दणाणले. रिकामे पेले तर इतके किणकिणले की खालच्या फळ्यांना वाटले, वर लग्नच लागले. सत्कार व्हायचा होता, भाषणेही व्हायची होती. सुगडीला थांबायला वेळ नव्हता. ठशाची शाई ओली असतानाच ती पायऱ्या उतरू लागली, आणि दगडी तिच्या मागोमाग निघाली.

खाली दूध वाट पाहत होते. आबा होते, पण जेमतेम होते. सुगडी दमही न घेता कामाला लागली. कोमट असेल त्याला लगेच, गार असेल त्याला दगडीच्या कुशीत बसवून मग, असे करत ती फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. संध्याकाळी मोरीकडे कुणीही गेले नाही. तांब्याला त्याचा शब्द आठवला, म्हणजे सगळ्यांनी मिळून आठवायला लावला. तो फळीच्या मधोमध आला आणि सगळ्यांदेखत डोक्यावर उलटा उभा राहिला. एक थेंबही सांडला नाही. मग त्याच्या शेजारची वाटी उलटी झाली, मग कढई, मग सगळी फळीच उलटी होऊन हसू लागली.

रात्र सरत आली. आबांना आता नीट दिसत नव्हते. "सुगडे," त्यांनी हाक मारली, "तू किती उरलीस गं?"

सुगडीने आत वाकून पाहिले. "एक चमचा, आबा."

"मग काळजी नाही," आबा म्हणाले.

वर झरोक्यात उजाडत होते. सुगडीने आपला टवका उडालेला काठ वर केला, आणि वरून पहाटेची धार पडायला लागली.