‘थांबा’ कोणीही म्हणावे

एकदा एका व्यापाऱ्याच्या पत्नीने चातुर्मासात मौनाने जेवण्याचे व्रत घेतले. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत शब्द काढायचा नाही. मीठ कमी पडो, भात करपो, तोंड उघडायचे ते घासापुरतेच. देवाच्या कृपेने चारही महिने निर्विघ्न गेले. या व्रताच्या उद्यापनाला घंटेचे दान करतात. हातात मावेल, पूजेत वाजेल अशी एखादी घंटा द्यावी, एवढेच त्या माउलीच्या मनात होते. पण व्यापारी तो व्यापारीच. “आपल्या घरचं दान, ते लोकांना ऐकू तरी यायला हवं,” म्हणत त्याने बारा मणांची घंटा ओतवून घेतली. व्रत मौनाचे आणि दान असे, की नदीपलीकडची गुरे दचकावीत!

ही घंटा देवळाच्या नव्या मंडपात सागवानी तुळईला टांगायची होती. त्यासाठी एका वृद्ध मिस्त्रीला बोलावणे गेले. उभे आयुष्य त्याने बंदरावर जड ओझी चढवण्या-उतरवण्यात घालवले होते. त्याच्याबरोबर त्याचा शिष्य आला. शिष्य म्हटले तरी तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. सहा वर्षे तो मिस्त्रीच्या हाताखाली होता आणि सहा वर्षे लोक त्याला “काय चेलेबुवा, अजून चेलाच का?” असे विचारत होते. आदल्या दिवशी मिस्त्री त्याला म्हणाला होता, “उद्याचा बोल तुझा. घंटा नीट चढली, तर पुढच्या आठवड्यात सूतगिरणीची यंत्रं बसवायला तू एकटा जा. मिस्त्री म्हणून.” त्या एका शब्दासाठी शिष्याने सहा वर्षे वाट पाहिली होती.

उद्यापनाचा मुहूर्त माध्यान्हीच्या आतला होता. मिस्त्रीने सकाळीच तीन उंच वासे वर एकत्र बांधून तिवई उभी केली आणि तिला साखळीची कप्पी लावली. या कप्पीची रीत मोठी गमतीची. एका बाजूची साखळी वीस हात ओढावी, तेव्हा कुठे ओझे वीतभर वर जाते. पण तेवढ्याच हिशेबाने एकटा म्हातारा माणूस बारा मण उचलू शकतो. आणि साखळी सोडून दिली, तरी आतली खिट्टी चाकाच्या दातात अडकते आणि ओझे जिथल्या तिथे राहते. खाली आणायचे झाले, तरी दुसऱ्या बाजूने पुन्हा वीस हात ओढावेच लागतात. आपल्या वजनाने आपोआप काही ते उतरत नाही.

घंटेच्या कडीतून मिस्त्रीने जाड दोराचा फास ओवला आणि दोराखाली गोणपाटाची घडी सरकवली. जमलेल्या लोकांना कडीवर बोट ठेवून दाखवले. “ओतकाम नवं आहे, इथे धार राहिलीय. ही गादी नसली तर जाता जाता दोर चिरत जाईल.” मग हात जोडून म्हणाला, “मंडळी, वर घे म्हणायचं तर ‘हबेस’, खाली सोड म्हणायचं तर ‘आरिया’. हे आम्हा बंदरवाल्यांचे शब्द. ते आज हाच म्हणेल, दुसऱ्या कोणी म्हणायचे नाहीत. पण ‘थांबा’ मात्र कोणीही म्हणावं. लहानानं म्हणावं, थोरानं म्हणावं. मी थांबेन.”

म्हाताऱ्याची बोलण्याची पद्धत, असे समजून शिष्याने ते कानाआड केले. मिस्त्री साखळीपाशी बसला. शिष्याने छाती भरून आवाज दिला, “हबेस!”

साखळी खळखळू लागली. घंटा खाली अंथरलेल्या फळ्यांवरून सुटली, गुडघ्याएवढी आली, तोच गर्दीतून आवाज आला, “थांबा, थांबा!”

मिस्त्रीचे हात जागच्या जागी थांबले.

“काय झालं?” शिष्याने विचारले.

“माझी वहाण खाली राहिली,” देवळाचा गुरव म्हणाला आणि ओशाळून वहाण ओढून घेऊन गेला. लोक हसले. शिष्यही हसला, पण दातांनी.

“हबेस!”

घंटा कमरेएवढी झाली. “थांबा!” या वेळी निवृत्त गुरुजी होते. “तिरकी चाललीय हो. डावीकडे कललीय.”

शिष्य धावत जाऊन चारही बाजूंनी पाहून आला. घंटा सरळ होती. गुरुजींच्या चष्म्याची एक काडी तुटलेली होती आणि तिथे दोरा बांधला होता; तिरके काही असेल तर ते नाकावर होते.

व्यापारी घड्याळ काढून उभा. “काय मिस्त्री, घंटा चढवताय की पालखी मिरवताय? चार पावलं टाकायची आणि थांबायचं!”

शिष्याच्या कानशिलांवर रक्त चढले. त्याला व्यापाऱ्याचा राग आला, गुरुजींचा आला, पण सर्वांत जास्त आला तो आपल्या गुरूचा. सहा वर्षे मी याची साखळी वाहिली आणि आज माझा बोल असताना हा कुठल्याही ऐऱ्यागैऱ्याच्या शब्दासरशी हात थांबवतो! आधी मला विचारायला काय होते? नजरेने तरी विचारावे!

“हबेस,” तो कसाबसा म्हणाला.

घंटा डोक्याच्या वर गेली. अजून तीन-चार हातांचेच काम होते. शिष्याला सूतगिरणीचे दार दिसू लागले. आणि तेवढ्यात फुलवाली म्हातारी, टोपली कमरेवर, मान वर करून ओरडली, “थांबा रे, थांबा! त्या तुळईवर कबुतराचं घरटं हाये!”

खळखळ बंद.

शिष्य शिडीवर चढला. घरटे होते खरे. जुने, वाळलेल्या काड्यांचे, रिकामे. अंडे नाही, पीस नाही. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या अंगात सकाळपासूनचे सगळे साठले होते.

“आजी, तुम्हाला काय कळतं यातलं? फुलं विका ना गुमान! मुहूर्त काय कबुतरांना विचारून काढलाय?”

लोक खळखळून हसले. म्हातारी हसली नाही. तिने टोपलीवरचे ओले फडके नीट केले आणि ती मंडपाबाहेर निघून गेली.

हशा ओसरला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “आरिया म्हण.”

“काय?”

“बोल तुझा आहे. आरिया म्हण. घंटा खाली घेऊ.”

“तात्या, चार हात राहिलेत! मुहूर्त...”

“म्हण.”

“आरिया,” शिष्य म्हणाला. तो शब्द तोंडातून निघताना त्याला स्वतःच खाली उतरल्यासारखे वाटले. आणि ते उतरणेही काही झटपट नव्हते. वीस हात साखळी, वीतभर घंटा. पुन्हा वीस हात, पुन्हा वीतभर. व्यापारी डोक्याला हात लावून पायरीवर बसला. शेवटी घंटा फळ्यांवर टेकली.

मग मिस्त्री उठला. सर्वांच्या देखत घंटेजवळ गेला, दोराखालची गोणपाटाची घडी उपसली आणि शिष्याच्या पायाशी टाकली. परत जागेवर बसला.

“चल. चालू दे.”

शिष्याचे पायाकडे लक्षच नव्हते. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त वाया गेलेली वेळ होती. “हबेस!” तो जवळजवळ किंचाळला.

घंटा वीतभर उचलली. दोन विती. मंडपात कोणी चकार शब्द काढेना. साखळीचा आवाज तेवढा. शिष्याला बरे वाटले. अखेर लोकांना अक्कल आली म्हणायची! आणि मग कोणी ‘थांबा’ म्हटले नसताना साखळी थांबली.

मिस्त्रीने गर्दीकडे पाहिले. “गुरुजी, ते खाली पडलंय ते फडकं कसलं?”

“ते... दोराखालचं,” गुरुजी म्हणाले.

“मी काढलं ते पाहिलंत?”

“पाहिलं की.”

“दोर चिरेल हे मघाशी सांगितलं होतं ना मी?”

गुरुजींनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. “म्हटलं, तुमची काही युक्ती असेल. आणि खरं सांगू का मिस्त्री, माझ्या चष्म्याचा तमाशा आधीच एकदा झालाय. त्या फुलवालीचं काय झालं ते तर आत्ता पाहिलं. या वयात आणखी कशाला?”

“मलाही दिसलं होतं,” गुरव पुटपुटला. “पण म्हटलं, जाऊ दे, कोण ऐकून घेणार!”

व्यापाऱ्याने नजर घड्याळाकडे वळवली. पण त्याचा चेहरा सांगत होता, की दिसले त्यालाही होते आणि मुहूर्तासाठी त्याने डोळे झाकले होते.

शिष्याने खाली वाकून गोणपाट उचलले. ते त्याच्या अंगठ्याला लागून पडले होते. इतक्या जवळचे दिसू नये! घंटा वर गेली असती. अर्ध्या वाटेत दोर तुटला असता आणि खाली तोच उभा होता.

“तात्या,” तो म्हणाला, “ती आजी चुकलीच होती पण. घरटं रिकामं होतं. तिघंही उगाच ओरडले होते.”

“होते,” मिस्त्री म्हणाला. “मी कुठे नाही म्हणतो? नऊ जण उगाचच थांबवतात. पण दहावा बोलेल की नाही, हे त्या नवांना तू कसं वागवतोस त्यावर ठरतं. तू एका म्हातारीचं तोंड बंद केलंस असं तुला वाटलं. तिच्याबरोबर इथली शंभर तोंडं बंद झाली. डोळे सगळ्यांचे उघडे होते, बाबा. मी फक्त ते तुला दाखवलं. आणि हे बघ, या कप्पीला थांबायला काय लागतं? काही नाही. खिट्टी पडते, ओझं राहतं, हवं तेवढा वेळ राहतं. थांबण्याचा त्रास यंत्राला होत नाही, घंटेला होत नाही. तो तुला होत होता. तो तुझ्याजवळ ठेवायचा, लोकांवर नाही टाकायचा.”

व्यापाऱ्याची पत्नी इतका वेळ पूजेच्या ताटाजवळ बसून होती. ती हळूच म्हणाली, “मी चार महिने जेवताना बोलले नाही. पण ते तोंड माझं मी मिटलं होतं, म्हणून त्याचं पुण्य. दुसऱ्याचं तोंड आपण मिटवलं, तर त्याला मौन म्हणत नाहीत.”

“पण मुहूर्त?” व्यापारी कळवळला. “अहो, सूर्य डोक्यावर आला!”

“येऊ दे. देवाला मी शब्द दिला होता, घड्याळाला नाही,” ती म्हणाली. पूजेला आलेल्या भटजींनी मान खाली घालून पंचांग चाळायला घेतले.

शिष्याने मिस्त्रीकडे पाहिले. आता सूतगिरणी गेलीच, हे त्याने मनोमन धरले होते. तरी त्याने घंटा फळ्यांवर टेकवून घेतली, गोणपाट दोराखाली सरकवले आणि तो मंडपाबाहेर पडला.

म्हातारी घाटाच्या पायरीवर झेंडूच्या माळा सोडवत बसली होती. “आजी,” तो म्हणाला, “मी बोललो ते चुकलं माझं.”

“मला बाई काय कळतंय त्यातलं? मी फुलं विकते गुमान.”

“नका ना असं करू. चला परत. आणि काही दिसलं तर ओरडा.”

“आन् परत घरटं रिकामं निघालं तर?”

“तर परत चढून बघेन.”

म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिले. “तोंड उतरलंय रे तुझं. जेवलायस का?” तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता टोपली त्याच्या हातात दिली. “धर. गुडघ्यातनं उठवत नाही मला.”

टोपली घेऊन शिष्य मंडपात शिरला. म्हातारी त्याच्या मागून, मानाने आली आणि ऐन पुढे उभी राहिली. लोक हसले नाहीत.

“हबेस,” शिष्य म्हणाला. आवाज आता मोठा नव्हता, पण सर्वांना ऐकू गेला.

घंटा गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली, डोक्यावर गेली. आणि म्हातारी ओरडली, “थांबा!”

साखळी थांबली. शिष्याच्या तोंडाशी मघाचेच शब्द आले. ते त्याने गिळले.

“काय झालं, आजी?”

“काय नाय. ऊन डोळ्यात यायलंय. जरा सरकते.”

ती सरकली. खांबाच्या सावलीत जाऊन उभी राहिली, पदर नीट केला. बारा मणांची घंटा तोपर्यंत अधांतरी निवांत लोंबत होती. सारा मंडप श्वास रोखून शिष्याकडे पाहत होता.

“सरकलात नीट?” त्याने विचारले.

“सरकले.”

“आणखी कोणाला काही?”

कोणाला काही नव्हते. मग गुरुजी जरा चाचरत म्हणाले, “मला अजूनही तिरकीच दिसतेय, पण ती चष्म्यामुळे असावी.”

“मी बघून येतो, गुरुजी,” शिष्य म्हणाला आणि खरेच चारही बाजूंनी पाहून आला.

घंटा तुळईच्या आकड्यात बसली, तेव्हा दुपार कलली होती. व्यापाऱ्याच्या पत्नीने तिला हळद-कुंकू वाहिले आणि पहिला टोल फुलवालीच्या हातून देवविला. नदीपलीकडे गुरे दचकली की नाही, कोण जाणे. शिष्य साखळी गुंडाळत होता.

“तात्या,” त्याने मान वर न करता विचारले, “सूतगिरणीच्या कामाला किती वाजता निघायचं आपण?”

“आपण नाही,” मिस्त्री म्हणाला. “मिस्त्रीनं निघायचं. मी घरी आहे.”

शिष्य साखळी गुंडाळतच राहिला. थोड्या वेळाने त्याने बाहीने डोळे पुसले. घामही असेल.

तुमच्या-आमच्या घरातही रोज काहीतरी वर चढत असते. कोणाचे लग्न ठरत असते, कोणाची जागा घेणे चाललेले असते. वेळ टळत असते, जीव मेटाकुटीला आलेला असतो, आणि नेमके तेव्हाच स्वयंपाकघरातून किंवा बाजल्यावरून कोणीतरी ‘थांबा’ म्हणते. बहुतेक वेळा त्यात काहीच नसते. तरी एवढे कराच: आधी हात थांबवा, मग विचारा, आणि काही निघाले नाही, तरी त्या माणसाला ‘बरं झालं, सांगितलंत’ एवढे म्हणा.